कपाशी-मक्यावर हंगामभर निंबोळी अर्क: अळीवर कुठे चालला, कुठे नाही

जून पेरणीपासून बोंडं भरेपर्यंत, जळगाव-धुळ्याकडच्या काळ्या वावरात 5 टक्के निंबोळी अर्क वापरल्यावरचं मत सरळ आहे: अळी लहान असताना अर्क उत्तम, अळी मोठी झाल्यावर निरुपयोगी. ‘फवारला, पण अळी मेलीच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

अर्कातला ॲझाडिरॅक्टिन (कडुनिंबाच्या बियांतला कीडरोधक घटक) अळीला जागेवर मारत नाही. आधी तिचं खाणं मंदावतं, मग कात टाकणं अडतं. तीन-चार दिवसांनी पान उलटून बघा: अळी आखडलेली, रंग उतरलेला, जुनी कात डोक्यापाशी अडकून राहिलेली. म्हणून दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या मोजू नका. पानावर ताजी कुरतड दिसते का, ते बघा.

15 लिटरच्या पंपाला 750 ग्रॅम भरड (जाडसर कुटलेली वाळकी निंबोळी) लागते. 100 लिटरला 5 किलो. ही 5 किलो भरड 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. सकाळी फडक्यात बांधून दुधासारखं पांढरं पाणी येईपर्यंत पिळायची, चोथ्यावर पाणी घालून परत दोनदा पिळायचं. 200 ग्रॅम साबण एक लिटर पाण्यात वेगळा विरघळवून अर्कात मिसळायचा आणि एकूण 100 लिटर करायचं. शेवटी दुहेरी सुती कापडातून गाळायचंच. एकेरी कापडातून बारीक गाळ सुटतो आणि अर्ध्या तासात नोझल तुंबतं. भरड पिठासारखी बारीक दळली तरी हाच त्रास होतो.

बोअरच्या क्षारांच्या पाण्यात साबण फुटतो, वर पांढरा साका येतो आणि अर्क पानावर न पसरता थेंब-थेंब घसरतो. अशा ठिकाणी साठवलेलं पावसाचं पाणी वापरावं. जास्त अल्कधर्मी पाण्यात ॲझाडिरॅक्टिनही लवकर मोडतो. साबण वाढवून हे सुटत नाही, उलट कोवळी पानं करपतात. फवारणी संध्याकाळीच करा, कारण उन्हात अर्क टिकत नाही. भिजवलेला अर्क दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

खरी मेख निंबोळीत आहे. जून-जुलैत पिकून पडलेली वेचायची, गर चोळून धुवायचा, सावलीत वाळवायची आणि गोणपाटात भरायची. प्लॅस्टिकच्या पोत्यात ओल कोंडते, बुरशी येते. फोडून बघा: मगज हिरवट असेल तर चांगली, काळपट असेल तर टाकून द्या. वर्षापेक्षा जुन्या निंबोळीचा अर्क कडू लागतो, पण काम करत नाही.

मक्यावर लष्करी अळीने पानावर पारदर्शक खिडक्यांसारखे ठिपके पाडायला सुरुवात केली, तीच वेळ गाठावी. नोझल पोंग्यावर (मक्याच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांवर) धरून अर्क आत उतरला पाहिजे. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली की अळी मोठी झाली. तिथे अर्कावर भरवसा ठेवू नका.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत मर्यादा आणखी स्पष्ट आहे. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात पातीत (फुलाच्या कळीत) किंवा बोंडात शिरते आणि आत अर्क पोचत नाही. अर्काने पतंगाचं अंडी घालणं कमी होतं, एवढंच. म्हणून पाती लागल्यापासून फवारणी, एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) आणि डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमलता मिटून राहिलेली फुलं) वेचून नष्ट करणं, हे तिन्ही एकत्र हवं. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तर फक्त अर्कावर थांबू नये. आणि फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी वावरात उभीच राखली, तर पुढच्या हंगामात काहीही फवारा, अळी आधीच वावरात बसलेली असते.

घरी अर्क करायला वेळ नसेल, तर 1500 पीपीएमचं (दहा लाख भागांत 1500 भाग ॲझाडिरॅक्टिन असलेलं) तयार निंबोळी औषध लिटरला 5 मिली घ्यावं. बाटलीवरची उत्पादन तारीख आधी वाचा. निंबोळीऐवजी सीताफळाच्या बियांचा अर्क करत असाल, तर बिया वाटताना चष्मा घालाच, डोळ्यात गेल्यास डोळ्याला गंभीर इजा होते. तंबाखूचा काढा आम्ही सुचवत नाही: निकोटिन कातडीतून अंगात शिरतं आणि फवारणाऱ्यालाच चक्कर-उलटी होते.