नेक खरा, बॉडी भलतीच: ‘क्लासिक व्हाइब’ म्हणून गळ्यात मारलेली गिटार

सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेताना सिरीयल नंबर जुळला की बहुतेक जण निर्धास्त होतात. विकणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. मला विकलेल्या गिटारचा नंबर खरा होता, हेडस्टॉकवरचा (तारा ताणायच्या खुंट्या असतात त्या टोकावरचा) लोगो खरा होता, नेकसुद्धा, म्हणजे तारांखालचा लांब दांडाही, खरा होता. त्या नेकला जोडलेली बॉडी मात्र दुसऱ्याच, स्वस्तातल्या गिटारची होती, आणि पैसे घेतले गेले ते ‘क्लासिक व्हाइब’ या वरच्या सिरीजच्या अख्ख्या गिटारचे. मोजक्या पैशांत चांगलं वाद्य शोधणाऱ्या कुणाच्याही बाबतीत हे घडू शकतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

जाहिरात होती स्क्वायर क्लासिक व्हाइब सिक्स्टीज स्ट्रॅटोकास्टरची (स्ट्रॅटोकास्टर, थोडक्यात स्ट्रॅट, हा फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीचा नमुना). सनबर्स्ट रंग, चीनमध्ये बनलेली, ‘सगळे पार्ट ओरिजिनल’. विकणारा बोलायला एकदम जाणकार. ‘इंडोनेशियाच्या मागे लागू नका, ही जुनी चायनाची आहे, मेक्सिकन फेंडरच्या तोडीची,’ हे त्याने इतक्या वेळा ऐकवलं की सगळा व्यवहार त्या एका वाक्यावरच उभा होता.

हे वाक्य अगदीच बिनबुडाचं नाही, म्हणून तर ते खपतं. स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्त गिटारींचा ब्रँड. त्याची क्लासिक व्हाइब सिरीज २००८ साली आली तेव्हा ती चीनमध्ये बनत होती, आणि त्या गिटारींनी खरोखरच नाव कमावलं. २०१९ पासून ही सिरीज इंडोनेशियात बनू लागली. तेव्हापासून ‘जुनी चायनाची’ म्हटलं की काही जण चार पैसे जास्त मोजायला तयार होतात. त्या काळातल्या बऱ्याच गिटारींचा नंबर ‘सीजीएस’ अक्षरांनी सुरू होतो: सी म्हणजे चीन, जी म्हणजे ग्रँड रिवॉर्ड हा कारखाना, एस म्हणजे स्क्वायर, आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे. माझ्या समोरच्या हेडस्टॉकवर नेमकं हेच होतं. नेकला क्लासिक व्हाइबची ती पिवळसर, चमकदार पॉलिश होती, हेडस्टॉक साठच्या दशकासारखा लहान होता. गिटार अँपला लावून वाजवली, सगळे पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग) चालू होते. मागची ट्रेमोलोची (दांडीने सूर हलवायच्या यंत्रणेची) झाकणी उघडून बघू का म्हटलं, तर ‘एका स्क्रूचा आटा गेलाय, उघडलीत तर परत बसणार नाही’ असं उत्तर आलं. जुन्या गिटारींत असं होतं, त्यामुळे त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही. आज त्या उत्तराचा अर्थ वेगळा लागतो.

गडबड लक्षात आली ती वरच्या फ्रेट्सवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) वाजवताना. पंधराव्या फ्रेटच्या पुढे बारीक ई तारेला जरा व्हायब्रॅटो दिला, म्हणजे बोटाने तार हलवली, की तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून खाली घसरायची. समोरून नीट निरखलं तर दिसत होतं: जाड ई आणि कड यांच्यात ऐसपैस जागा, आणि बारीक ई अगदी काठावर. नेक किंचित तिरका बसला होता. सेटअपने, म्हणजे तारा आणि नेक नीट जुळवून, हे जाईल अशा समजुतीने गिटार दुरुस्तीला नेली.

दुरुस्ती करणाऱ्याने चार स्क्रू काढून नेक बाजूला केला आणि तिथेच सगळा उलगडा सुरू झाला. बॉडीत नेक जिथे बसतो त्या खाचेत पुठ्ठ्याचा घडी केलेला तुकडा होता. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, नेकचा कोन साधायला असा तुकडा घालतातच, कारखान्यांतूनही घातला गेला आहे. पण नेकच्या टाचेत, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकात, स्क्रूंची भोकं दोन-दोन होती. मूळ भोकांत टूथपिक ठोकून, गोंद भरून ती बुजवली होती आणि त्यांच्या अगदी शेजारी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर सरकून, नवी पाडली होती. नव्या भोकांची एक बाजू लाकडाची, दुसरी टूथपिकची. स्क्रू नीट धरत नव्हते आणि तारांच्या ताणाने नेक एका बाजूला सरकत होता. हा नेक आधी दुसऱ्या बॉडीवर होता, हे सांगायला आणखी कुणाची गरज नव्हती.

मग त्याने बॉडीच्या कडेला कॅलिपर लावला. नेहमीच्या स्ट्रॅटची बॉडी पावणेदोन इंच, म्हणजे साधारण ४४-४५ मिलिमीटर जाड असते. ही ४० च्या आसपास भरली. झाकणीचे सगळे स्क्रू अगदी सहज निघाले, एकाचाही आटा गेलेला नव्हता! आत ट्रेमोलोचा ठोकळा आखूड होता, कारण एवढ्या पातळ बॉडीत पूर्ण उंचीचा ठोकळा मावत नाही. पिकगार्ड (पिकअप बसवलेली समोरची पट्टी) उलटा केला तर पिकअपच्या तळाशी सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली. क्लासिक व्हाइबमध्ये अल्निको पिकअप असतात, म्हणजे तारांखाली जे सहा गोल खिळे दिसतात तेच चुंबक असतात आणि खाली पट्टी नसते. पातळ बॉडी आणि सिरॅमिक पिकअप ही स्क्वायरच्याच अ‍ॅफिनिटी सिरीजची लक्षणं. अ‍ॅफिनिटी ही क्लासिक व्हाइबच्या खालची पायरी, किंमतही त्या मानाने बरीच कमी. थोडक्यात, नेक, ट्यूनर आणि नंबर एका गिटारचे आणि बाकी सगळं दुसऱ्या गिटारचं.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर: ‘नंबर खरा आहे ना? तपासून घ्या.’ दुसरं: ‘बॉडीबद्दल मी वेगळं काही बोललोच नव्हतो.’ जाहिरातीतली ‘सगळे पार्ट ओरिजिनल’ ही ओळ दाखवली, त्यानंतर संपर्क बंद. जिथे जाहिरात होती तिथे तक्रार केली, तर व्यवहार दोन व्यक्तींमधला आहे म्हणून त्यांनी हात वर केले. पैसे परत मिळाले नाहीत.

मला यात सगळ्यात जास्त चीड येते ती देशाच्या नावाचा जो वापर झाला त्याची. ‘चायनाची’, ‘इंडोनेशियाची’, ‘जपानची’ हे शब्द गुणवत्तेचा शिक्का असल्यासारखे वापरले जातात, आणि ते ऐकणारा माणूस मग सिरीज आणि सुटे भाग यांच्याकडे बघतच नाही. प्रत्यक्षात एकाच देशात सगळ्या पायऱ्यांची वाद्यं बनतात. अ‍ॅफिनिटी आणि क्लासिक व्हाइब, दोन्ही इंडोनेशियात बनलेल्या मिळतात. आयबनेझचं बघा: आरजी गिटारींमध्ये स्टँडर्ड इंडोनेशियात बनते आणि तिच्या कितीतरी वरची प्रीमियमही इंडोनेशियातच बनते. जपान येतं ते प्रेस्टीज आणि जे कस्टममध्ये. यामाहा पॅसिफिकाच्या ०१२ आणि ११२व्ही एकाच घराण्यातल्या, दिसायलाही सारख्या, पण ११२व्हीमध्ये अल्निको पिकअप आणि हंबकर या दोन कॉइलच्या पिकअपची एकच कॉइल चालवायची सोय आहे, ०१२मध्ये सिरॅमिक आहेत. एपिफोनच्या लेस पॉलमध्ये स्पेशल टूचा नेक स्क्रूंनी बसवलेला असतो आणि स्टँडर्डचा गोंदाने चिकटवलेला. तिथे नुसतं मागे वळवून बघितलं तरी फरक कळतो, देश विचारावा लागत नाही.

सिरीजच्या नावातही फसगत आहे आणि ती जास्त घातक आहे. ‘फेंडर स्टँडर्ड’ हे नाव घ्या. फेंडरने १९८७ साली मेक्सिकोत एन्सेनादा इथे कारखाना काढला, आणि तिथे बनणारी स्टँडर्ड सिरीज २०१८ मध्ये प्लेयर सिरीज येईपर्यंत चालू होती. २०२५ मध्ये फेंडरने पुन्हा ‘स्टँडर्ड’ याच नावाने नवी सिरीज काढली, ती मात्र इंडोनेशियात बनते. शिवाय स्क्वायरचीही एक वेगळी ‘स्टँडर्ड’ होती. नुसतं ‘स्टँडर्ड’ लिहून कुणी मेक्सिकनचा भाव सांगितला तर वर्ष आणि देश दोन्ही विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

याच्या उलट, स्क्वायर म्हटल्यावर नाक मुरडणारेही चूक करतात. १९८२ मध्ये जपानमध्ये स्क्वायरच्या ज्या पहिल्या ‘जेव्ही’ नंबरच्या गिटारी बनल्या त्या आज लोक शोधत असतात. अर्थात त्यामुळेच ‘जपानी स्क्वायर’ म्हणून वाट्टेल ते विकायचा प्रयत्न होतो. तिथेही नेक तेवढा जपानी आणि खाली दुसरीच बॉडी, हा प्रकार अवघड नाही.

फेंडर कंपनी काढणाऱ्या लिओ फेंडरने नेक स्क्रूंनी जोडला तो बनवायला आणि बदलायला सोपा पडावा म्हणून. त्या सोयीचाच इथे गैरफायदा घेतला जातो. १९७६ च्या आधी बरीच वर्षं फेंडर नंबर नेकच्या मागच्या धातूच्या पट्टीवर टाकत असे. ती पट्टी तर स्क्रूंबरोबर सुटी होऊन हातात येते. म्हणजे नंबर कुठेही असला तरी तो पूर्ण गिटारची हमी देत नाही. ज्या भागावर तो आहे, तेवढ्याच भागाबद्दल तो बोलतो.

म्हणून आता कुणी मला विचारलं तर मी सांगतो, स्ट्रॅट घेत असाल तर आधी मागची झाकणी उघडायला लावा. ठोकळा दिसतो, बॉडीची जाडी कळते, आणि विकणारा उघडू देतो की नाही यावरूनही पुष्कळ समजतं. कॅलिपर नसला तर साधी पट्टी बॉडीच्या कडेला लावली तरी ४० आणि ४५ मधला फरक दिसतो. त्यानंतर दोन्ही ई तारा शेवटच्या फ्रेटपाशी कडेपासून किती अंतरावर आहेत ते बघा आणि दोन्ही तारा कडेच्या दिशेने बोटाने ढकलून बघा. हेडस्टॉक उजेडात तिरका धरा: जुना लोगो घासून नवा चिकटवला असेल तर तिथल्या पृष्ठभागावर उजेडाची रेघ वाकडी होते. किंमत जास्त सांगत असेल तर नेक काढून टाचेचा आणि खाचेचा फोटो मागा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि प्रामाणिक माणूस निदान कारण तरी नीट सांगेल. सुटे भाग बदललेली गिटार वाईट असते असं मुळीच नाही. कित्येकांनी हौसेने जोडलेल्या अशा गिटारी कारखान्याच्या मालापेक्षा छान वाजतात. फक्त ती तशी म्हणून आणि त्या भावात विकली गेली पाहिजे. आणि ‘सगळे पार्ट ओरिजिनल’ हे शब्द आले की कोणती सिरीज, कोणतं वर्ष, बॉडी त्याच गिटारची आहे का, हे लेखी विचारून ठेवा.

माझी गिटार आता वाजवण्याजोगी झाली आहे. टाचेतली सगळी भोकं कठीण लाकडाच्या खुंट्या घालून बुजवली, नेक मधोमध धरून नवीन पाडली, बारीक ई आता घसरत नाही. वाजते बरी, पण ती क्लासिक व्हाइब नाही, आणि मी कधी विकलीच तर जाहिरातीत तसं लिहीन.

हे लिहिण्याची घाई करण्याचं कारण वेगळं आहे. त्याच माणसाची नवीन जाहिरात दिसली आहे: सनबर्स्ट ‘क्लासिक व्हाइब’, बॉडीचे भरपूर फोटो, जाडी पट्टी लावून दाखवलेली, पिकअपही उलटे करून दाखवलेले. हेडस्टॉकचा फोटो मात्र एकच, तोही लांबून आणि अंधुक. माझ्या नेकची मूळ बॉडी तीच असेल असं मी खात्रीने म्हणू शकत नाही. पण अशी जाहिरात कुणाच्या नजरेस पडली, तर पैसे देण्याआधी हेडस्टॉकचा जवळून फोटो आणि नेक काढून टाचेचा फोटो मागा, आणि टाचेत भोकं चार आहेत की आठ ते मोजा.