रस्ता उखडला: ग्रामसभा की माहिती अधिकार?

रावेरकडच्या एका भावाने विचारलंय: नवा रस्ता पहिल्याच पावसात उखडला, ठराव घ्यावा की माहिती मागावी?

खर्च दोन्हीकडे किरकोळ. ग्रामसभा फुकट, माहितीच्या अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणि पुढे पानामागे २ रुपये.

वेळेचं मात्र तसं नाही. ग्रामसभेची तारीख यावी लागते आणि गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला कमी आकडा लागतो. केळीच्या कापणीत माणसं जमवणं कठीण. माहितीला ३० दिवसांची मुदत आहे, नाही मिळाली तर अपील करता येतं.

खरा फरक पुराव्यात आहे. ठरावात "रस्ता खराब" एवढंच येतं. अर्जात अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही) आणि दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत, मागा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून डांबराखालचा गिट्टीचा थर कागदावर किती आणि जागेवर किती, हेच तपासायचं. कामाची पाहणी आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचा हक्कही २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात आहे. हा हक्क लोक वापरत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

पण माहिती मिळाली म्हणून खड्डा बुजत नाही.

गावातला रस्ता ग्रामपंचायतीने केला असेल, किंवा नवा मंजूर करून घ्यायचा असेल, तर ग्रामसभा. नंदुरबारच्या पेसा गावांत (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या) तर तीच आधी. झालेलं काम निकृष्ट असेल, रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा बांधकाम विभागाचा असेल, तर आधी अर्ज. भाऊ, तुमचं प्रकरण दुसऱ्या प्रकारचं दिसतंय. दोष दायित्वाचा कालावधी संपायच्या आत अर्ज टाका, म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराच्याच खर्चाने मागता येईल.