क्यूजीआयएस आणि क्यूफील्ड : स्क्रब टायफसचा गावपातळीवरचा नकाशा काढायला कितपत कामाचे?

तालुका आरोग्य कार्यालय असो, ग्रामीण रुग्णालय असो की महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग, आपल्या हद्दीतला स्क्रब टायफस या तापाचा धोका नकाशावर मांडायचा असेल तर संगणकावर क्यूजीआयएस हे नकाशे काढण्याचं सॉफ्टवेअर आणि मोबाइलवर जागेवर नोंदी घेणारं त्याचं जोडअॅप क्यूफील्ड, ही जोडी घ्यावी. दोन्ही मुक्तस्रोत आहेत, दोन्हींना एक पैसा पडत नाही, आणि रेंज नसलेल्या वाडीतही काम अडत नाही. मात्र या आजाराच्या बाबतीत क्यूजीआयएसमधली सर्वांत देखणी सोयच सर्वांत जास्त फसवते. म्हणून हे परीक्षण थोडं सविस्तर.

आजार होतो ओरिएन्शिया सुत्सुगामुशी या जिवाणूमुळे आणि तो माणसापर्यंत आणते माइट या कोळ्याच्या जातकुळीतल्या सूक्ष्म जीवाची अळी, म्हणजे चिगर. सहा पायांची, जेमतेम ०.२ मिलिमीटरची. आयुष्यात एकदाच ती प्राण्याच्या अंगावर चढते. पुढच्या सगळ्या अवस्था मातीतच जातात. जिवाणू मादीकडून अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो, त्यामुळे एखाद्या गडग्याच्या कडेचं गवत वर्षानुवर्षं बाधित राहू शकतं आणि तिथून चार पावलांवरचं गवत स्वच्छ असू शकतं. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० मीटरचा असतो. म्हणजे कोणतंही सॉफ्टवेअर माइटचा नकाशा काढून देत नाही. निघतो तो माइटला सोयीच्या जागांचा, आणि माणसं त्या जागांवर कधी जातात याचा.

यात क्यूफील्डला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. रुग्णालयाच्या नोंदीत पत्ता असतो तो ‘मु. पो.’ धरून. कोकणात पोस्टाचं गाव एक, महसुली गाव दुसरं आणि प्रत्यक्ष वाडी डोंगराच्या पलीकडे, हे नेहमीचंच. शिवाय चिगर चावते ती घरात नव्हे, तर परड्यात, कलमांच्या बागेत, भाताच्या बांधावर, पाणंदीत. म्हणून फॉर्म बनवताना रुग्णाचा एक तक्ता आणि त्याला जोडलेला ‘संपर्काच्या जागां’चा दुसरा तक्ता असावा. क्यूजीआयएसमध्ये दोन्हींत रिलेशन बांधलं की क्यूफील्डमध्ये एका रुग्णाखाली हव्या तेवढ्या जागा नोंदवता येतात.

चावल्यापासून ताप येईपर्यंत ६ ते २१ दिवस जातात. ताप २० ऑक्टोबरला सुरू झाला असेल, तर २९ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर या काळात माणूस कुठे कुठे बसला, काय कापलं, मोळी कुठून आणली हे विचारायचं. तापाची तारीख भरताच हा कालखंड समोर दिसावा, यासाठी डिफॉल्ट व्हॅल्यूच्या रकान्यात साधं वजाबाकीचं सूत्र घालता येतं. ‘अपडेट झाल्यावरही लागू करा’ ही खूण मात्र आठवणीने करावी, नाहीतर तारीख दुरुस्त केली तरी कालखंड जुनाच राहतो. तीन जागा सांगितल्या तर प्रत्येकीला ०.३३ वजन द्यावं. इशर, म्हणजे चावल्या जागेची काळी खपली, आहे की नाही आणि कोणती चाचणी झाली, हे रकाने यादीतून निवडण्याचे ठेवावेत. वेल-फेलिक्स ही जुनी, ढोबळ रक्तचाचणी आणि आयजीएम एलायझा ही जास्त नेमकी चाचणी यांचे निकाल एकाच रंगात दाखवले, तर नकाशा तिथेच बिघडला.

गणपतीला आलेल्या चाकरमान्यांचाही विचार हवा. घर उघडलं की आधी परड्यातलं वाढलेलं गवत साफ केलं जातं. आठ-दहा दिवसांनी मंडळी मुंबईला परततात आणि ताप तिथे येतो. नोंद मुंबईत, बांध कोकणात. त्यामुळे तालुक्याच्या नकाशात ‘बाहेर नोंदलेले रुग्ण’ हा वेगळा थर ठेवून जमेल तिथून ती माहिती मागवावी. हा थर रिकामा राहिला, तर ऑगस्ट-सप्टेंबरचा धोका खरा आहे त्याहून कमी दिसेल.

नारळी-पोफळीच्या आगरात मोबाइलचा जीपीएस डगमगतो. क्यूफील्ड अचूकतेचा आकडा पडद्यावर दाखवतो. तो १० मीटरच्या खाली येईपर्यंत थांबावं, नाहीतर नकाशावर बोटाने बिंदू ठेवून ‘हाताने ठेवला’ अशी नोंद करावी.

आता ते देखणं बटण. क्यूजीआयएसमध्ये बिंदूंच्या थराला हीटमॅप, म्हणजे बिंदूंची दाटी रंगांत दाखवणारी शैली लावली की क्षणात लाल-पिवळे डाग उमटतात आणि बैठकीत सगळे त्यालाच नकाशा म्हणतात. यात दोन अडचणी आहेत. डागाची त्रिज्या मुळात १० मिलिमीटर, म्हणजे पडद्यावरची असते. झूम केलं की तोच डाग एका तालुक्यावरून एका वाडीवर येतो. त्रिज्येचं एकक बदलून जमिनीवरचे मीटर घ्यावेत आणि थर आधी मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ उत्तर या निर्देशक पद्धतीत, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये रूपांतरित करावा. थर अक्षांश-रेखांशातच राहिला तर बफरमध्ये, म्हणजे भोवती ठरावीक अंतराचा पट्टा काढताना, घातलेले ५०० हे ५०० अंश धरले जातात आणि अख्खी पृथ्वी धोक्यात येते. दुसरी अडचण सॉफ्टवेअरची नाही. डाग पडतो तो जिथे लोकवस्ती दाट आणि तपासणी जास्त तिथे. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्ताचे नमुने नेमाने जातात, ते गाव लाल होतं. जिथून जातच नाहीत, ते हिरवंगार राहतं. म्हणून नुसते बाधित नकोत, तपासलेले किती तेही गावागणिक मांडा. तपासणी शून्य असलेलं गाव राखाडी रंगवा, हिरवं कधीच नाही.

गावागणिक दर काढतानाही जपावं लागतं. ३०० वस्तीच्या गावात एक रुग्ण सापडला तर दर दहा हजारी ३३. ३,००० वस्तीच्या गावात चार सापडले तर दहा हजारी १३. पहिलं गाव जास्त धोक्याचं म्हणण्याइतका पुरावा एका रुग्णात नसतो. असे दर सावरून घेण्याची, म्हणजे छोट्या गावांचे दर सरासरीकडे ओढण्याची, एम्पिरिकल बेझ ही सांख्यिकी पद्धत क्यूजीआयएसच्या मूळ साच्यात नाही, ही खरी उणीव. त्यासाठी जिओडा हे दुसरं मोफत सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. तिथे काम करून थर परत आणता येतो. गावाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, हे नकाशाच्या कोपऱ्यात लिहावं.

उपग्रहचित्रांचं काम क्यूजीआयएस उत्तम करतो, पण कोकणाचं आभाळ साथ देत नाही. जून ते सप्टेंबर सेंटिनेल-२ ला ढगांशिवाय फारसं काही दिसत नाही, आणि गवत माजतं ते तेव्हाच. त्यामुळे ऑक्टोबर अखेरचं स्वच्छ चित्र आणि एप्रिलचं चित्र अशी जोडी घ्यावी. एकट्या ऑक्टोबरच्या एनडीव्हीआयवर, म्हणजे हिरवेपणाच्या निर्देशांकावर, विसंबू नये: खाडीकाठची कांदळवनं, हापूसची कलमं आणि काजूच्या बागाही तितक्याच हिरव्या दिसतात. दोन्ही चित्रांची वजाबाकी केली की बारमाही झाडोरा बाजूला पडतो आणि उरतं ते पावसाळी गवत, सड्यावरचं (जांभ्याच्या उघड्या पठारावरचं) आणि पडीक वरकस जमिनीवरचं. भातशेतीही त्यात येते. ती जमीन वापराच्या थराने वेगळी काढावी. मग वस्ती, शेत आणि व्हाळ (ओढा) यांना लागून असलेली पन्नासेक मीटरची कडा बफरने कापून घ्यावी. उघड्या सड्याच्या मधोमध माणसाचा वावर कमी, कडेला रोजचा.

इथे एक खाचखळगा हमखास भोवतो. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या सेंटिनेल-२ चित्रांत प्रत्येक मूल्यात १००० मिळवलेले असतात. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये, म्हणजे चित्रांवर गणित करण्याच्या सोयीत, ते आधी वजा करावे लागतात. बँड ८ चं (अवरक्त प्रकाशाचं) मूल्य ४००० आणि बँड ४ चं (लाल प्रकाशाचं) १४०० असेल, तर वजा न करता एनडीव्हीआय ०.४८ येतो, वजा करून ०.७६. जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवलं की या चुकीने गावभर रान तुटल्यासारखं दिसतं.

नकाशा खरा की खोटा हे उंदरांच्या पिंजऱ्यांनीच ठरतं. जास्त आणि कमी धोक्याच्या अशा दोन्ही पट्ट्यांत संध्याकाळी शर्मन पिंजरे (प्राणी जिवंत पकडणारे पेटीसारखे सापळे) लावून पहाटे उचलावेत; नुसत्या लाल भागात लावले तर ताळा पडत नाही. घुशी, उंदीर, चिचुंद्र्या यांच्या कानाच्या पाळीत नारिंगी ठिपक्यांचा पुंजका दिसतो, त्या चिगर. एकूण चिगर भागिले पकडलेले प्राणी, हा निर्देशांक ०.६९ च्या वर गेला तर जागा धोक्याची धरतात. हे काम प्रशिक्षित माणसांचंच. हातमोजे आणि पायमोज्यांत खोचलेली पँट याला पर्याय नाही. क्यूफील्डमध्ये पिंजऱ्यांचा थर वेगळा ठेवावा आणि रिकाम्या पिंजऱ्यांचीही नोंद करावी.

सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्गाकडे, २०१६ पासून माकडतापही आहे. तो गोचिडीतून पसरणारा विषाणू, हंगाम डिसेंबर ते मे. दोन्ही ‘रानातले ताप’ म्हणून एका नकाशात घालू नयेत. एकाच प्रकल्पात दोन स्वतंत्र थर ठेवले तरी पुरे.

राहिल्या किरकोळ गोष्टी. थर साठवताना शेपफाइल हा जुना फाइल-प्रकार टाळा: रकान्याचं नाव दहा अक्षरांत तुटतं आणि मराठी मजकुराची कधी कधी चौकोनांत वासलात लागते. जिओपॅकेज या नव्या फाइल-प्रकारात देवनागरी सुखरूप राहते. एक्सेलमधून सीएसव्ही काढताना ‘यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तालुक्यापुरतं काम आरामात होतं, फक्त शंभर किलोमीटरचं अख्खं चित्र उघडण्याआधी तालुक्याच्या हद्दीने कापून घ्या. रुग्णाचं नाव मोबाइलवर नको, संकेतांक पुरेसा. आणि ग्रामपंचायतीत लावायच्या छापील प्रतीत रुग्णांचे बिंदू काढून फक्त पट्टे ठेवा, कारण दहा घरांच्या वाडीत एक ठिपका म्हणजे नाव जाहीर करणंच. त्या प्रतीवर वाड्यांची नावं, व्हाळ आणि देऊळ ठळक असू द्या, म्हणजे गवत आधी कुठलं कापायचं हे लोकांना बोट ठेवून सांगता येईल.