विंडोज १० नंतर दहा महिने: जुन्या लॅपटॉपवरचा लिनक्स मिंट

माझा लॅपटॉप २०१६ सालचा आहे. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, आठ जीबी रॅम, आणि चार वर्षांपूर्वी हार्ड डिस्क काढून बसवून घेतलेली एसएसडी. दिवसाचे सात-आठ तास त्यावर भाषांतर आणि मुद्रितशोधन चालते आणि त्या कामाला तो आजही पुरून उरतो. विंडोज ११ साठी मात्र इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होती. याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवते. जुलै २०१५ मध्ये आलेली प्रणाली दहा वर्षे सांभाळणे ही काही थोडी गोष्ट नव्हे. प्रश्न एवढाच होता की, धडधाकट चालणारे यंत्र एका तारखेसाठी मोडीत काढायचे का.

मार्च २०२५ मध्ये सांगलीतल्या दोन दुकानांत चौकशी केली. मला हवा तसा नवा लॅपटॉप ५२ हजारांच्या घरात जात होता. विंडोज न घातलेला एखादा स्वस्तात मिळेल का, असे विचारल्यावर दुकानदार हसून म्हणाले, "येतात ताई, पण ठेवत नाही. तसला कोण घेतो?" त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरूनच होते, पण घरी येताना माझ्या मनात १९९४ सालची एक गोष्ट घोळत राहिली. त्या काळी मायक्रोसॉफ्टचे संगणक-उत्पादकांशी असे करार असत की, विकलेल्या प्रत्येक प्रोसेसरमागे परवान्याचे पैसे द्यायचे, मग त्या संगणकावर कंपनीची प्रणाली घातलेली असो वा नसो. दुसऱ्या कोणाची प्रणाली घालायची तर उत्पादकाला दोनदा पैसे मोजावे लागत. अमेरिकी सरकारशी झालेल्या समझोत्यात ती पद्धत त्या वर्षी बंद झाली. करार गेले, पण फळीवर काय ठेवायचे याची सवय तीस वर्षांनंतरही तीच आहे, आणि आता ती टिकवायला कोणत्याही कराराची गरज उरलेली नाही.

शेवटी एक नवी एसएसडी घेतली, विंडोजची जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली आणि नवीवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या संगणक-प्रणालीची २२.१ ही आवृत्ती चढवली. मिंट हा २००६ पासून चालत आलेला प्रकल्प आहे. त्याचा पाया उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचा आहे, तो फुकट मिळतो आणि २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. आवृत्त्यांना ते बायकांची नावे देतात. माझ्या वाट्याला झिया आली. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून, डिस्कला हात न लावता सगळे चालवून पाहता येते, ही त्यातली सर्वांत शहाणपणाची सोय म्हणावी लागेल. वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर चालतात याची मी एक संपूर्ण संध्याकाळ खात्री करून घेतली आणि मगच बटण दाबले. प्रत्यक्ष चढवायला पाऊण तासही लागला नाही.

रोजच्या वापराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही आणि हीच त्याची खरी प्रशस्ती आहे. डाव्या कोपऱ्यात मेनू आहे, खाली पट्टी आहे, फायरफॉक्स आधीच घातलेला आहे. अपडेट आले की ढालीच्या आकाराचे एक लहान चिन्ह दिसते. मी म्हणेन तेव्हा ते चढतात आणि कामाच्या मध्यात संगणक आपणहून बंद होत नाही. टाइमशिफ्ट नावाची सोय प्रणालीची आदली स्थिती जपून ठेवते. दहा महिन्यांत ती एकदाच वापरावी लागली, तीही माझ्याच अतिउत्साहामुळे.

मराठीचे काय, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबते. मी इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकावर टाइप करते. मिंटच्या कीबोर्डच्या यादीत मराठीचा सुधारित इनस्क्रिप्ट आराखडा आहे; तो निवडला आणि पहिला शब्द मुद्दाम "तऱ्हेवाईक" टाइप केला. शिफ्ट धरून जे दाबले की ऱ, शिफ्ट धरून एन दाबले की ळ. बोटांना काहीही नव्याने शिकावे लागले नाही. याचे श्रेय लिनक्सला द्यावे त्याहून अधिक १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने इनस्क्रिप्टला मानकाचा दर्जा दिला त्या निर्णयाला द्यावे लागेल. कळफलक कोणा एका कंपनीच्या मालकीचा नसल्यामुळेच कंपनी बदलली तरी बोटे तीच राहिली. ज्यांना रोमन अक्षरांतून मराठी टाइप करण्याची सवय आहे, त्यांना इनपुट मेथडच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळी जोडणी करावी लागते. ती अवघड नसली तरी पहिल्यांदा करणारा माणूस गोंधळतो, आणि हे काम चढवतानाच विचारून उरकले असते तर बरे झाले असते.

वर्डच्या जागी वापरायच्या लिब्रेऑफिसमध्ये मात्र पहिले पंधरा दिवस मी वैतागले होते. देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि रोमन लिपीसाठी वेगळा फॉन्ट अशी त्याची रचना आहे, आणि देवनागरीची बाजू वापरायची तर पर्यायांमध्ये भाषेच्या विभागात जाऊन "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट"समोर खूण करावी लागते. एवढे करूनही मराठी ओळीत इंग्रजी आकडे आले की ते दुसऱ्याच फॉन्टात, किंचित लहान आणि अंग चोरून बसल्यासारखे दिसत. दोन्ही बाजूंना एकच फॉन्ट नेमला की हे थांबते. मी मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने केलेला मुक्ता हा फॉन्ट वापरते, तो फुकट आहे आणि त्यात दोन्ही लिप्या आहेत.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. एका प्रकाशनसंस्थेकडून आलेली २१२ पानांची वर्ड फाइल माझ्याकडे उघडली ती २१९ पानांची. मजकूर शब्दन्‌शब्द तोच होता. फक्त तो मंगल फॉन्टात बसवलेला होता, तो विंडोजसोबत येणारा फॉन्ट माझ्याकडे नव्हता आणि त्याच्या जागी आलेला पर्यायी फॉन्ट जास्त पसरट होता. मुद्रितशोधनाच्या यादीत मी "पान ८७, ओळ ४" असे लिहायची आणि तिकडच्या माणसाला पान ८७ वर भलताच मजकूर सापडायचा. दोन दिवस आमचे फोन चालू होते. अखेर आम्ही पानांचे क्रमांक सोडून प्रकरण आणि परिच्छेद यांवर आलो. बदलांच्या खुणा आणि टिपा मात्र दोन्ही बाजूंना व्यवस्थित पोहोचतात, हे नोंदवायला हवे. माझे नव्वद टक्के काम त्यांच्यावरच चालते.

या दोन दिवसांनी मला जे शिकवले ते कोणत्याही तुलनात्मक तक्त्यात दिसत नाही. बाजारात पर्याय होता, तो फुकट होता, आणि तो माझ्या यंत्रावर आधीच्या प्रणालीपेक्षा हलका चालत होता. तरीही बदलाची किंमत मला मोजावी लागली, आणि ती ठरवली होती माझ्यासोबत काम करणाऱ्यांच्या फायलींनी. ग्राहक दुकानात एकटा उभा असतो, पण प्रणाली तो एकटा वापरत नाही. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००४ साली हजारो संगणक लिनक्सवर न्यायचे ठरवले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला. त्यामागे राजकारण होते हे खरे, पण बाहेरून येणाऱ्या कागदपत्रांशी जुळवून घेण्याचा ताप हेही एक कारण सांगितले जात असे. केरळने मात्र सरकारी शाळांतले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेले आणि ते टिकले. माझ्या मते त्याचे कारण सरळ आहे: तिथे शिक्षक, विद्यार्थी आणि अभ्यासक्रम सगळे एकदमच त्या बाजूला गेले, त्यामुळे कोणालाही दुसऱ्याच्या फाइलची वाट पाहावी लागली नाही.

म्हणूनच फाइलच्या स्वरूपाचा वाद मला प्रणालीच्या वादापेक्षा महत्त्वाचा वाटतो. लिब्रेऑफिस वापरते ते ओडीएफ हे स्वरूप २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने वर्डच्या फायलींचे आपले ओओएक्सएमएल हे स्वरूप पुढे केले आणि २००८ मध्ये त्यालाही मानकाचा दर्जा मिळाला. त्या मतदानात भारताने विरोधी मत दिले होते आणि फेरविचाराच्या वेळीही ते बदलले नव्हते. केंद्र सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरणही काढले. कागदावर इतकी स्पष्ट भूमिका असलेल्या देशात गेल्या दहा महिन्यांत मला एकाही कार्यालयाकडून ओडीएफ फाइल आलेली नाही, आणि मी पाठवलेली एक फाइल "उघडत नाही, वर्डमध्ये द्या" या शेऱ्यासह परत आली.

नियमनाने काहीच होत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये ग्राहकाला हवा तो ब्राउझर निवडू देणारा पडदा दाखवण्याचे २००९ मध्ये युरोपीय आयोगाला मान्य केले होते. पुढे विंडोज ७ च्या एका अपडेटनंतर तो गायब झाला, तेव्हा २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरोंचा दंड झाला. आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्याचाही गाभा हाच होता की फोनसोबत आधीच काय घालून दिले जाते. विंडोज १० च्या बाबतीतही हा फरक दिसला. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट देऊ केले, तेव्हा त्यासाठी एकतर ३० डॉलर, नाहीतर कंपनीच्या रिवॉर्ड्स या बक्षीस योजनेचे हजार गुण, नाहीतर आपल्या सेटिंगची प्रत कंपनीच्या साठवणुकीत ठेवण्याची तयारी, अशा वाटा होत्या. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी हरकत घेतल्यावर युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरती ही अट सुटली आणि तिथे मायक्रोसॉफ्टच्या नुसत्या खात्यावर ते वर्ष मोफत मिळाले. संगणक तोच, प्रणाली तीच, तारीख तीच. सांगलीच्या ग्राहकासाठी कोणी भांडले नाही, एवढाच फरक.

आता उणिवा. माझ्या जुन्या प्रिंटरची छपाई पहिल्या मिनिटापासून चालली, पण स्कॅनरसाठी निर्मात्याचा ड्रायव्हर वेगळा शोधावा लागला. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनने, म्हणजे संगणकाला जोडून सही करायच्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणाने, माझ्याकडून हार कबूल करून घेतली. भाषांतराच्या एका निविदेसाठी ते टोकन एका संकेतस्थळावर चालवायचे होते आणि तिथे लागणारा जोडप्रोग्रॅम फक्त विंडोजसाठी होता. तीन तास घालवून मी मुकाट्याने शेजारच्या सनदी लेखापालांच्या कचेरीत गेले आणि त्यांच्या संगणकावर दहा मिनिटांत काम उरकले. ज्यांचे दुकानाचे हिशेब ठरावीक विंडोज सॉफ्टवेअरवर आहेत किंवा जे इनडिझाइनमध्ये पाने लावतात, त्यांना मी मिंट सुचवणार नाही. माझ्या भावाने दुकानासाठी विचारले, तेव्हा त्याला स्वच्छ नाही म्हटले. लिहिणे, वाचणे, पत्रव्यवहार, बँक आणि वर्ग घेणे एवढ्यावर ज्यांचे भागते त्यांना मात्र नवा लॅपटॉप घेण्याआधी पेनड्राइव्हची एक संध्याकाळ द्यायला हरकत नाही.

राहिली कपाटातली विंडोजची डिस्क. दहा महिन्यांत ती दोनदा बाहेर काढावी लागली आणि दोन्ही वेळा कारण विंडोज नव्हते. १९९९ ते २००८ या काळातली माझी भाषांतरे एका मराठी फॉन्ट-पॅकेजात टाइप केलेली आहेत. त्या काळी प्रत्येक पॅकेजची सांकेतिक मांडणी वेगळी असे. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत, आणि फॉन्ट नसला की "कविता" हा शब्द पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे होऊन उतरे. भारतीय लिप्यांच्या सांकेतिक मांडणीचे इस्कीसारखे मानक १९९१ पासून अस्तित्वात होते, जगभरच्या लिप्यांसाठीचे युनिकोडही आले होते, पण गिऱ्हाईक आपल्याच फॉन्टात अडकून राहण्यात विक्रेत्यांना सोय वाटली असावी. मराठी ग्राहकाला कुलूप लावायला परदेशी कंपनीच लागते असे नाही. ते पॅकेज नव्या विंडोजवर चालत नाही, लिनक्सवरही चालत नाही. जुन्या डिस्कवर ते कसेबसे उघडते. तिथून मजकूर काढायचा, तो युनिकोडमध्ये बदलायचा, आणि जागा सोडून गेलेल्या वेलांट्या नि रफार हाताने परत बसवायचे. चौदा पुस्तकांपैकी तीन झाली आहेत.