पदकावर नाव नसतं, पैसे मात्र नावाचे जातात: बनावट डीएफसी संचात गेलेले चार लाख ऐंशी हजार

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेल्या एका भारतीय वैमानिकाचा 'पूर्ण संच' म्हणून सात पदकं, एक फ्लाइंग लॉगबुक (वैमानिकाची उड्डाणांची नोंदवही) आणि दोन फोटो पुण्यातल्या एका संग्राहकाला ४,८०,००० रुपयांना विकले गेले. पैसे बँकेतून तीन हप्त्यांत गेले. अधिकाऱ्याचं नाव खरं होतं आणि लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, ते सापडतही होतं. बाकी जवळजवळ काहीच त्या माणसाचं नव्हतं. असे संच अजूनही फिरत आहेत, म्हणून ही फसवणूक कशी रचली होती आणि ती कुठे उघडी पडली, ते तपशिलात लिहितो आहोत.

मुळात डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, म्हणजे डीएफसी, हे शौर्यपदक १९१८ साली सुरू झालं आणि ते अधिकाऱ्यांना आणि वॉरंट ऑफिसरांना मिळायचं. चांदीचा क्रॉस, त्यावर विमानाचा पंखा आणि पसरलेले पंख, वरच्या टोकाला गुलाब, बाकीच्या तीन टोकांना बॉम्ब. महायुद्धाच्या काळात हे पदक सरकारकडून नाव न कोरता दिलं जात होतं. मागच्या बाजूला खालच्या भुजेवर फक्त साल कोरलेलं असायचं. नाव कोरण्याची पद्धत १९८४ मध्ये आली. म्हणजे १९४४ सालचा डीएफसी अमक्याचाच आहे, हे पदक स्वतः सांगूच शकत नाही. ते सांगतात सोबतचे कागद. फसवणारा नेमका याच फटीतून आत शिरतो. १९९३ पर्यंत इतर हुद्द्यांना मिळणारं डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल, म्हणजे डीएफएम, मात्र कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव घेऊन येतं. त्यामुळे डीएफएम बनवणाऱ्याला जास्त कष्ट पडतात आणि बाजारात बनावट संच जास्त दिसतात ते डीएफसीचे.

या संचात क्रमाने होते: डीएफसी, 'बॅटल ऑफ ब्रिटन' क्लास्प (फितीवर बसणारी धातूची छोटी पट्टी) लावलेला १९३९-४५ स्टार, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं युद्धसेवेचं पदक, एअर क्रू युरोप स्टार, बर्मा स्टार, डिफेन्स मेडल, ओकच्या पानासह (युद्धवृत्तात नाव आल्याची धातूची खूण) वॉर मेडल आणि शेवटी इंडिया सर्व्हिस मेडल. सगळी एका पट्टीवर पुठ्ठ्याला शिवून घट्ट बसवलेली. ही शिवण दिसायला रुबाबदार असते आणि सैन्यात ती खरोखर वापरतात, त्यामुळे तेवढ्यावर शंका घेता येत नाही. पण अशा शिवणीत पदकांची मागची बाजू झाकली जाते आणि डीएफसीचं साल मागच्याच बाजूला असतं. मागचा फोटो मागितल्यावर विकणाऱ्याने 'शिवण उसवली तर संचाची किंमत पडेल' असं सांगितलं. परदेशातला ग्राहक वाट पाहतो आहे, हेही त्याच दिवशी सांगितलं.

खरं तर शिवण उसवायची गरजच नव्हती. संच समोरून पाहूनच कळायला हवं होतं, कारण त्यातल्या दोन गोष्टी नियमात बसतच नाहीत.

पहिली गोष्ट क्लास्पची. बॅटल ऑफ ब्रिटनचा क्लास्प १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या काळात ठरावीक फायटर स्क्वाड्रन आणि युनिटमधून विमानात चढून लढलेल्यांनाच मिळाला. भारतातून २४ वैमानिकांची जी तुकडी ब्रिटनला गेली, ती तिथे पोहोचली ऑक्टोबर १९४० मध्ये. प्रशिक्षण संपून स्क्वाड्रनमध्ये जायला त्यांना १९४१ साल उजाडलं. संचातला अधिकारी याच तुकडीतला असल्याचं विकणाऱ्याचं म्हणणं होतं. त्याच म्हणण्याने क्लास्प खोटा ठरत होता. खरा क्लास्प पातळ असतो, फितीवर टाके घालून बसवलेला असतो आणि त्याच्या चौकटीची आतली कड पोस्टाच्या तिकिटासारखी दातेरी असते. इथला क्लास्प जाडसर होता आणि दात्यांच्या खाचा बुजलेल्या होत्या.

दुसरी चूक डिफेन्स मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल एकत्र लावण्याची. इंडिया सर्व्हिस मेडल भारतीय सेनादलांसाठी होतं, देशातल्या तीन वर्षांच्या सेवेबद्दल. डिफेन्स मेडलला पात्र ठरलेल्याला ते मिळत नव्हतं. दोन्ही एकाच छातीवर दिसली की थांबायचं. अशीच आणखी काही न जमणारी जोडपी आहेत: पॅसिफिक आणि बर्मा हे दोन स्टार एका माणसाला मिळत नाहीत, आणि अटलांटिक, एअर क्रू युरोप, फ्रान्स अँड जर्मनी या तिघांपैकी एकच स्टार मिळतो. त्याच माणसाची दुसऱ्या स्टारसाठीही पात्रता असेल तर तिचा क्लास्प मिळतो. एका स्टारवर क्लास्प एकच. ओकचं पान वॉर मेडलच्या फितीवर बसतं, डिफेन्स मेडलच्या नाही. संच जुळवणाऱ्याला 'भरगच्च' दिसायला हवं असतं, त्यामुळे तो बहुतेक वेळा इथेच चुकतो.

ब्रिटनने दिलेले स्टार आणि वॉर मेडल यांवरही नाव नसतं. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेने ते कोरून दिले. म्हणजे बिननावाची सहा खरी पदकं सुटी विकत घेऊन कुणाच्याही नावावर लावता येतात. या संचातही डीएफसी आणि क्लास्प सोडले तर धातूच्या दृष्टीने बाकी सगळं खरं होतं. एअर क्रू युरोप स्टार महागात मिळतो, पण बाकीची जुन्या बाजारात सहज मिळतात. सहा खऱ्या पदकांमुळे सातव्यावरचा विश्वास वाढतो, आणि किंमत लागते ती सातव्याची.

पैसे गेल्यावर शिवण उसवली. डीएफसीच्या मागे '१९४४' कोरलेलं होतं. दहापट भिंगाखाली पाहिलं तर क्रॉसचा पृष्ठभाग काळवंडलेला आणि अंकांच्या खाचा आतून चकचकीत. ऐंशी वर्षांत चांदीवर चढलेला काळपटपणा खाचेत उतरतोच, त्यामुळे हे कोरीवकाम अलीकडचं होतं. क्रॉसला फितीच्या पट्टीशी जोडणाऱ्या लॉरेलच्या डहाळ्यांची पानं एकमेकांत मिसळलेली होती आणि पंख्याच्या कडेला बारीक खड्डे होते. ठसा मारून केलेल्या पदकात कडा धारदार येतात. खऱ्या पदकाचा साचा घेऊन ओतलेल्या नकलेत त्या गोलसर होतात, हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे राहतात आणि धातू थंड होताना आकसल्यामुळे माप किंचित कमी भरतं. खऱ्या क्रॉसची रुंदी सव्वादोन इंचांना थोडी कमी, साधारण ५४ मिलिमीटर. व्हर्नियरवर हा ५३ च्या आत आला.

शेवटचा निकाल वजनाने लागला आणि ही चाचणी कुणालाही करता येते. फीत काढायची. सोनाराच्या काट्यावर पदकाचं कोरडं वजन घ्यायचं. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि पदक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायचं. पेल्याच्या तळाला किंवा कडेला ते टेकू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागायचं. दागिन्यांच्या ९२५ चांदीला उत्तर १०.३ च्या आसपास येतं. इथे आलं ७.१. तो जस्ताचा मिश्रधातू होता, वर चांदीचा मुलामा दिलेला. पदकाला बुडबुडा चिकटला तर उत्तर कमी येतं, म्हणून दोनतीनदा करून पाहावं. आधी पदक चकचकीत करण्याच्या भानगडीत मात्र पडू नये, कारण वयाचा सगळा पुरावा त्या काळपटपणातच असतो.

फितीवरून घाईने निकाल देऊ नये. डीएफसीची फीत पांढऱ्या आणि जांभळ्या तिरक्या पट्ट्यांची असते. पट्ट्या सुमारे तीन मिलिमीटरच्या. डीएफएमच्या पट्ट्या त्याच्या निम्म्या रुंदीच्या, आणि ही अदलाबदल नेहमी दिसते. नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली ही फीत आणि शिवणीचा दोरा निळसर पांढरे चमकले, म्हणजे दोन्ही युद्धानंतरचे. पण घरच्यांनी जीर्ण झालेली फीत नंतर बदलली असेल तर खऱ्या पदकावरही नवी फीत सापडते. चमकणारी फीत हा इशारा आहे, पुरावा नाही.

सगळ्यात जास्त मेहनत लॉगबुकवर घेतलेली होती आणि खरेदीदार भुलला तोही त्यालाच. कोरी जुनी लॉगबुकं मिळतात, त्यात नोंदी भरल्या जातात. मार्च १९४४ च्या पानावर ७ नंबर स्क्वाड्रन आणि विमान 'स्पिटफायर' असं लिहिलं होतं. भारतीय हवाई दलाचं ७ नंबर स्क्वाड्रन त्या काळात व्हेन्जन्स उडवत होतं. ते डाइव्ह बॉम्बर, दोन माणसांचं विमान. लॉगबुकात वैमानिकाच्या शेजारी दुसऱ्या माणसाच्या नावाचा रकाना असतो, तो पानोपानी रिकामा होता. फायटर वैमानिकाच्या नावाला जास्त भाव येतो, म्हणून बॉम्बरवाल्याला फायटरवाला केलं होतं. त्या अधिकाऱ्याने व्हेन्जन्समधून केलेल्या कामगिरीला पदक मिळालं, आणि लबाडीत तीच पुसली गेली. याचा आम्हाला पैशांपेक्षा जास्त राग येतो.

लॉगबुक हाती आलं की प्रत्येक महिन्याच्या शेवटी तासांची बेरीज आणि वरिष्ठाची सही पाहावी. बेरीज पुढच्या पानावर बरोबर नेलेली असते. भरताना घाई करणाऱ्याच्या बेरजा दोनतीन पानांतच फिसकटतात. तीन वर्षांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच दाबाने असतील किंवा १९४२ सालच्या नोंदी बॉलपेनने असतील, तर तिथेच परत करावं. मग चारपाच उड्डाणांच्या तारखा स्क्वाड्रनच्या ऑपरेशन्स रेकॉर्ड बुकाशी, म्हणजे कामगिरीच्या अधिकृत नोंदवहीशी, ताडाव्यात. त्यातल्या फॉर्म ५४१ वर विमानाचा क्रमांक, चालक दल, उड्डाणाची आणि उतरण्याची वेळ असते. रॉयल एअर फोर्सच्या स्क्वाड्रनांची ही बुकं लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये एअर २७ या मालिकेत आहेत. लंडन गॅझेट इंटरनेटवर फुकट शोधता येतं. पण गॅझेटमधलं नाव एवढंच सांगतं की त्या माणसाला पदक मिळालं होतं. समोरचं पदक तेच आहे, हे त्यातून ठरत नाही. या व्यवहारात गॅझेटचं छापील पान विकणाऱ्यानेच पाठवलं होतं आणि खरेदीदाराने त्यालाच पडताळणी मानलं.

अधिकाऱ्याच्या नातेवाइकांकडून संच आल्याचं सांगितलं जात असेल, तर विक्रीचं सही केलेलं पत्र मागावं आणि त्या कुटुंबाशी थेट बोलावं. इथे 'नातू परदेशात असतो' यापलीकडे काही मिळालं नाही. पैसे देण्याआधी सातही पदकांचे पुढून, मागून आणि कडेचे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावेत. मोठी रक्कम असेल तर प्रत्यक्ष भेटीत, काटा आणि भिंग सोबत घेऊनच व्यवहार करावा.

खरेदीदाराने लाजेपोटी अकरा दिवस कुणाला सांगितलं नाही. तोवर खात्यातले पैसे पुढे सरकले होते. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेला लेखी कळवावं. फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो. चॅट, आवाजी निरोप, कुरिअरची पावती आणि संच आला तो खोका, काहीही टाकू नये. उसवण्याआधी शिवणीचे फोटो घ्यावेत.

त्याच अधिकाऱ्याच्या नावाचा आणखी एक संच आता विक्रीला आला आहे. यात क्लास्प नाही, डिफेन्स मेडलही नाही, म्हणजे मांडणीतल्या चुका फसवणाऱ्यांनी सुधारल्या आहेत. लॉगबुक मात्र पुन्हा मार्च १९४४ पासून सुरू होतं आणि विमान पुन्हा स्पिटफायरच आहे.