पाचवा कॉलम कुणाला द्यायचा?

एस्टर बनवायचं आणि पाणीही तिथल्या तिथे वेगळं करायचं, असा सिम्युलेटेड मूव्हिंग बेड रिअ‍ॅक्टर घ्यायचं ज्यांचं ठरलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. यात रेझिनचे दाणे भरलेले कॉलम, म्हणजे उभे नळ, वर्तुळात जोडलेले असतात; रेझिन आम्ल आणि अल्कोहोलपासून एस्टर घडवतं आणि सोबत तयार होणारं पाणी धरून ठेवतं. कोल्हापूर भागात मळीचं स्पिरिट हाताशी असतं. इथेनॉल कच्चा माल म्हणूनही लागतं आणि रेझिनवरचं पाणी धुऊन काढायलाही तेच चालतं, त्यामुळे हा मार्ग आपल्याला सोयीचा. प्रश्न उरतो पोर्ट सरकवण्याचा, म्हणजे कच्चा माल आणि इथेनॉल आत येण्याच्या, एस्टर आणि पाणी बाहेर पडण्याच्या चार जागा ठरावीक वेळाने एकेक कॉलम पुढे नेण्याचा: चारही एकदम सरकवायचे, की 'व्हॅरिकॉल' पद्धतीने प्रत्येकाची वेळ वेगळी ठेवायची?

एकदम सरकवणं सोपं. ऑपरेटरच्या चार दिवसांत अंगवळणी पडतं, एका रोटरी व्हॉल्व्हवर काम भागतं. आठ कॉलम बसवायची तयारी असेल तर खुशाल तेच घ्या.

गोकुळ शिरगावात आमच्याकडे पाचच कॉलम होते. दोन पोर्टमधल्या टप्प्याला झोन म्हणतात; चार झोनला एकेक दिला की एक उरतो, आणि त्या एकानेच आम्हाला दमवलं. तो चौथ्या झोनला (एस्टरच्या पोर्टपासून इथेनॉलच्या पोर्टपर्यंत) दिला की तिसरा (कच्च्या मालापासून एस्टरपर्यंत) तोकडा पडायचा. पोर्ट सरकायच्या अगदी आधी भरलेल्या एस्टरच्या नमुन्याच्या बाटलीत दर वेळी पाणी यायचं. कार्ल फिशरचा (पाणी मोजायच्या चाचणीचा) आकडा चढलेला, आणि झाकण काढलं की एस्टरच्या गोड वासाखाली व्हिनेगरची आंबट झाक. पाणी पोचलं की तेच अँबरलिस्ट-१५ रेझिन एस्टर परत फोडतं. बरं, कॉलम तिसऱ्याला द्यावा, तर चौथा झोन अपुरा पडून एस्टर फिरून पाण्याच्या बाजूला निघायचं. इथेनॉल वाढवून पाहिलं, पण ते परत मिळवायला वाफ लागते, आणि ९५.६ टक्क्यांच्या पुढे साधं डिस्टिलेशन जातच नाही.

शेवटी एस्टरचा पोर्ट बाकीच्यांच्या आधी, अर्ध्या वेळेलाच पुढे सरकवला. दोन्ही झोनना सरासरी दीड-दीड कॉलम मिळाला, आणि ती शेवटची बाटलीही बाकीच्यांसारखी यायला लागली. तुमचं रेझिन, तुमचं आम्ल वेगळं असेल तर वेळा वेगळ्या लागतील, हे मान्य.

खर्च आहेच. कॉलममागे चार व्हॉल्व्ह, म्हणजे पाचांना २०, आणि वेळा बसवायला मन लावून काम करणारा इन्स्ट्रुमेंटवाला हवा. तरी ऑर्डर देताना व्हॉल्व्ह सुटेच मागा, असं मी म्हणेन. सुट्या व्हॉल्व्हवर चारही पोर्ट एकदम सरकवता येतात. एकाच रोटरी व्हॉल्व्हवर ते वेगवेगळे सरकवता येत नाहीत.