फ्लॉरेन्सहून एका दिवसात: सिएना की सान जिमिन्यानो?

इटलीतल्या या दोन गावांसाठी एकच दिवस असेल तर आमचं मत सिएनाला. फ्लॉरेन्सहून ट्रेनला दीड तास लागतो, पण स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे. समोरच्या मॉलमधून सरकत्या जिन्यांनी वर यावं लागतं. त्यापेक्षा थेट जलद बस बरी, ती जुन्या गावालगतच सोडते. शिंपल्यासारखा उतरता, विटांच्या नऊ पट्ट्यांचा काम्पो चौक पाहा. तोर्रे देल मान्जा या मनोऱ्याच्या सुमारे ४०० अरुंद पायऱ्या आधी चढा, जेवण नंतर. २ जुलै आणि १६ ऑगस्टला मात्र टाळा: पालिओच्या घोडशर्यतीमुळे चौकात पाय ठेवायला जागा नसते.

सान जिमिन्यानो छोटं. ७२ पैकी उरलेले १४ मनोरे आणि चिस्तेर्ना चौकातली विहीर पाहायला तीन-चार तास पुरतात. गोची प्रवासात आहे. पोज्जिबोन्सीला ट्रेन सोडून बस धरायची, आणि रविवारी बस फार कमी. परतीची वेळ आधीच टिपून ठेवा.

प्रादेशिक ट्रेनचं कागदी तिकीट चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्या. विसरलात, तर तिकीट खिशात असूनही दंड! चाकांची बॅग दोन्हीकडे नको, दगडी चढ तिची वाट लावतो.